नवरदेवाची थंड बाजू

आधी एक कबूल करून टाकते. मी छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले आणि वेरूळ बघितलं नाही, अजिंठा बघितला नाही, बीबी का मकबरा रिक्षातून डाव्या हाताला दिसला तेवढाच. चिपळूणला घरी गेल्यावर सगळ्यांनी यावरून मला धुतलं. पण मी जे बघितलं ते तुमच्यापैकी कुणीच बघितलेलं नसणार. मी मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, भर दुपारी थंडीनं कुडकुडणारा नवरदेव बघितला. आणि तो माझ्यामुळे कुडकुडत होता.

आता नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी मधूनच सुरू करते आणि लोकांना काही कळत नाही.

मी पुण्यात एम.टेक. करते. विषय उष्णता. म्हणजे ती कुठून निघते, कुठं जाते, वाटेत किती अडते, याचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवायचं आणि मग त्यावरून यंत्र. माझं यंत्र म्हणजे भट्टीपुढं काम करणाऱ्यांसाठी गार बंडी. त्यात बिस्किटाएवढ्या चार पांढऱ्या चकत्या आहेत. चकतीत वीज सोडली की तिची एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. वायरी उलट्या लावल्या की बाजूही उलट्या होतात. (हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.) गार बाजूवरून पाणी फिरतं, ते बारीक नळ्यांमधून बंडीभर जातं. गरम बाजूवर दोन छोटे पंखे, ते सगळी गर्मी पाठीमागून कमरेपाशी बाहेर फेकतात. पंखे आणि पाण्याचा पंप वेगळ्या पॉवर बँकेवर, चकत्या मोठ्या बॅटरीवर.

माझी रूममेट सोनाली लासूर स्टेशनजवळच्या गावची. एप्रिलमध्ये तिच्या भावाचा, वैभवदादाचा, साखरपुडा झाला. पत्र्याचा हॉल, गच्च माणसं, आणि दादा अंगठी घालता घालता चक्कर येऊन आडवा. डॉक्टरांनी सांगितलं, काही नाही, गर्मी. पण नवरीच्या चुलत्यांना, तात्यांना, ते पटलं नाही. तात्या जुने पैलवान. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं की लग्नात शेवटची अक्षता पडेस्तोवर पोरगा पायावर उभा दिसला पाहिजे. खाली बसला तर लग्न तिथंच थांबेल, पोरगी घेऊन ते घरी जातील.

सोनालीनं मला हे सांगितलं आणि माझ्या बंडीकडे बघितलं. मी बंडीकडे बघितलं. मग पत्रिका मागवली. मुहूर्त, दुपारी बारा पस्तीस.

### संभाजीनगर, पहिला दिवस

गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि प्लॅटफॉर्मवरचा बाक बसण्यासारखा राहिलेला नव्हता. आमच्याकडं कोकणात उन्हाळा म्हणजे घाम. इथं घाम दिसतच नाही. तो यायच्या आधीच उडून जातो आणि तोंडावर मीठ राहतं. मला इतका आनंद झाला, मी तिथंच वहीत लिहिलं, 'हवा कोरडी, बाष्पीभवन उत्तम.' सोनाली म्हणाली, आधी पाणी पी.

वैभवदादा न्यायला आला होता. वाळूजला एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये असतो, दिवसभर एसीत. मुलगा धडधाकट, सहा फूट, पण स्टेशनपासून गाडीपर्यंत येताना त्याचे कान लाल झाले. मी लगेच सेन्सर काढला, त्याला कसंतरी वाटलं.

लग्नघरात आता चार दिवस वशाट, म्हणजे मटण-मासे, बंद म्हणून त्याच दुपारी आम्हाला नान खलिया खायला नेलं. हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. नान म्हणजे तुम्हाला वाटतोय तो नाही. परातीएवढा गोल, मऊ, वरून हळदीचा पिवळा, चकचकीत, आणि शेजारी मटणाचा लाल रस्सा ज्याच्यावर तर्री अशी तरंगते की आपला चेहरा दिसतो. मी दीड नान खाल्ला. मग भट्टी बघायला आत घुसले. तिथला माणूस खांद्यापर्यंत हात भट्टीत घालून नान आतल्या भिंतीला चिकटवत होता आणि मी त्याला विचारत होते की भिंतीचं तापमान सगळीकडं सारखं असतं का. तो म्हणाला, वरून कमी, खालून जास्त, मधे ठीक. माझ्या तीन महिन्यांच्या मॉडेलचा निष्कर्ष हाच आहे.

मागं वळून बघितलं तर दादा भट्टीच्या दारात भिंतीला धरून उभा. सोनालीनं त्याला बाहेर बसवलं. तो हसला, पण मला म्हणाला, "मी पैलवान नाय गं, पण आजारीबी नाय. एसीत बसून अंग मऊ पडलंय, एवढंच. तात्यांना नको पडू, अश्विनीसमोर पडायला नको वाटतं मला."

अश्विनी म्हणजे नवरी. तोपर्यंत माझ्या मॉडेलमध्ये ती होतीच. कशी होती ते पुढं सांगते, आत्ता सांगायची लाज वाटते.

### खुलताबाद, दुसरा दिवस

खुलताबादला आम्ही घोडीसाठी गेलो. वरातीची घोडी तिथल्या शब्बीरभाईंची. फोनवर सोनालीनं त्यांना सांगितलं होतं की नवरदेवाच्या पाठीमागून थोडी गरम हवा येईल. शब्बीरभाई शांतपणे म्हणाले, मग आधी घोडीला भेटवा.

गाव डोंगरावर, तटाच्या आत, शहरापेक्षा हवा जराशी हलकी. घोडीचं नाव शहजादी. पांढरी, आणि माणसाकडं अशी बघते की आपणच तिच्या लग्नाला उशिरा आलोय. दादानं बंडी घातली, वरून शर्ट, वर बसला. मी बॅटरीची पिशवी खांद्याला लावून शेजारी. आता इथं सांगते, बॅटरी अडीच किलोची, ती दादाच्या अंगावर मावेना. म्हणून दोन लांब वायरी, एक लाल एक काळी, दादाच्या पाठीतून निघून माझ्या पिशवीत. म्हणजे दीड मीटरच्या पुढं मी त्याच्यापासून लांब जाऊ शकत नव्हते. सोनालीनं त्यावर उपाय काढला होता. मला करवली करायचं. एक करवली ती, दुसरी मी. करवली नवरदेवाला चिकटून असली तर कुणाला काही वाटत नाही.

बटण दाबलं. पंखे सुरू झाले, गरम हवा घोडीच्या पाठीवर. शहजादीनं कान मागं केले आणि चालायला लागली. दौडली नाही, उधळली नाही, फक्त चालायला लागली, एका लयीत, थांबायचं नाव नाही. मी पिशवी धरून पळतेय. शब्बीरभाईंनी लगाम धरला, मी बटण बंद केलं, ती थांबली. पुन्हा चालू, पुन्हा चालली.

शब्बीरभाई म्हणाले, "हौ, पीछे से गरम लगा तो आगे जाती. समझदार है. टेन्शन नक्को लेव मॅडम, आगेच जाना है ना वरात में."

मला ते इतकं बरोबर वाटलं की मी वहीत लिहिलं, 'घोडी: ठीक.'

### लासूर स्टेशन, हळदीचा दिवस

दादाचं घर लासूर स्टेशनपासून चार किलोमीटर. दारात मांडव, मांडवात आंब्याचे डहाळे, आणि जेवायला येसर. आमच्याकडं लग्नात सोलकढी नाही तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही. इथं तसं येसरचं. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा घट्ट काळपट रस्सा, पहिल्या घासाला नाक वाहतं, दुसऱ्या घासाला आणखी वाढा म्हणावंसं वाटतं. मी नको म्हणायला शिकले नव्हते. इथं 'बास' म्हटलं की अर्धी वाटी वाढतात, 'खरंच बास' म्हटलं की पूर्ण.

सगळ्यांना माझं यंत्र बघायचं होतं. मी लॅपटॉप उघडून ओसरीवर बसले आणि दादाच्या आत्याला समजावून सांगितलं की मी दादाचे चार हजार तुकडे केलेत आणि प्रत्येक तुकड्यातली उष्णता वेगळी मोजलीय. आत्या उठून आत गेली. बाहेर आली ती मीठ-मोहऱ्या घेऊन, आणि दादाची दृष्ट काढली. माझ्याकडं तिनं नंतर तासभर बघितलं नाही.

मग वैजापूरहून मामा आले. दगडूमामा, सोनालीच्या आईचे भाऊ, मार्केट यार्डात कांद्याचे व्यापारी. जुनी फटफटी, पांढरा शर्ट, आणि पोट असं की फटफटीच्या टाकीवर ठेवून आणल्यासारखं. त्यांनी लॅपटॉपवरचं चित्र बराच वेळ बघितलं. चित्रात दादा, दादातून बाण निघून बंडीत, बंडीतून चकतीत, चकतीतून बाहेर, आणि शेवटी एक चौकोन. चौकोनात लिहिलेलं, 'परिसर'.

"आतली गर्मी बाहेर काढती म्हणती," मामा म्हणाले, "तर बाहेर कुठं सोडती?"

मी म्हटलं, परिसरात.

"परिसर म्हंजे कोण?"

मी म्हटलं, कोण असं नाही मामा, आजूबाजूला जे काही असेल ते.

"लग्नात त्याच्या मागं मामा उभा राहतो. आजूबाजूला तं मीच असंल." आणि ते इतके हसले की पोट हललं. मीही हसले. मला वाटलं, गंमत करतायत.

संध्याकाळी आत्यानं माझ्याशी बोलायला सुरुवात केली, कारण तिला पिशवीतून लोंबणारी काळी वायर दिसली. लग्नात काळं चालत नाय, म्हणाली. मी सांगितलं, ती ऋण वायर आहे. ते तर आणखीच वाईट, असं तिचं मत पडलं. रात्रीच्या जेवणाआधी तिनं दोन्ही वायरींना टोकापासून टोकापर्यंत लाल जरीची पट्टी गुंडाळली. अगदी सुरेख, एकसारखी, मधे मोती. मी फोटो काढून आईला पाठवला. चिंता नव्हती, माझ्या बॅटरीचा जोड एकाच बाजूनं बसतो, उलटा बसूच शकत नाही.

### लग्न

आता मुहूर्ताचं ऐका. आमच्या चिपळूणला मुहूर्त बारा पस्तीस म्हणजे बारा पस्तीस. गुरुजी घड्याळ हातात धरून उभे असतात. माझ्या मावशीच्या लग्नात तिची एक वेणी घालायची राहिली होती तरी अक्षता पडल्या. म्हणून मी मॉडेलमध्ये घातलं, वरात अर्धा तास, मंगलाष्टकं पंधरा मिनिटं, वर थोडी सूट. बॅटरी दीड तासाची. मी कुणाला विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही, कारण पत्रिकेत छापलेलं खरं धरणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

बारा वाजता मी पैठणी नेसून, दादा बंडी आणि त्यावर शेरवानी घालून, दोघं तयार. अंगणात तिसरं कुणी नाही. मांडवाच्या कडेला गुरुजी खाटेवर बसून टरबूज खात होते. मी विचारलं, गुरुजी, बारा पस्तीस ना? त्यांनी बी बाजूला थुंकली आणि प्रेमानं विचारलं, "तुम्ही बाहेरगावच्या का?"

वरात निघाली तेव्हा एक वाजायला आला होता. घरापासून लग्नाचं लॉन दीड किलोमीटर. इथल्या हिशेबानं नाचत नाचत दोन तास. दर दहा पावलांवर मंडळी थांबणार, घोडीपुढं गोल करणार, मामांना आत ओढणार. पण कुणालाच माहीत नव्हतं की आज घोडीमागून गरम हवा येतेय.

दादाचे कान लाल झाले आणि मी बटण दाबलं. शहजादी चालायला लागली. पुढं नाचणारे मागं सरकले. ती चालतच राहिली. ते नाचता नाचता उलटे पळायला लागले. डीजेची गाडी सगळ्यात पुढं, तिच्या ड्रायव्हरनं आरशात बघितलं की अख्खी वरात पाठमोरी त्याच्या अंगावर येतेय, त्यानं गिअर बदलला. एक काकू फुगडी अर्धवट सोडून बाजूला झाल्या. शब्बीरभाई लगाम धरून मला म्हणाले, बघा, बोललो होतो ना. मी पैठणीचा ओचा एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, दादाशी लाल जरीनं जोडलेली, पळतेय. बावीस मिनिटांत वरात लॉनच्या कमानीत. त्या गावात एवढ्या लवकर कुणाचीच वरात पोहोचली नव्हती.

आणि तिथं कुणी तयार नव्हतं. नवरी आत सजत होती. कमानीत फक्त तात्या उभे, हात मागं बांधून, मान बैलासारखी. ते दादाकडं वरपासून खालपर्यंत बघत होते.

घाबरून मी बटण पूर्ण वर नेलं.

दहा मिनिटांनी नवरीकडच्या बायका पाय धुवायला आल्या. एकीनं दादाचा हात धरला आणि सोडला. दुसरीनं धरून बघितला. हात बर्फासारखा. दादाचे ओठ निळसर, आणि दात, मी खोटं सांगत नाही, दात वाजत होते. बायकांत कुजबुज पसरली की नवरदेवाला हिव भरलंय. तात्या पुढं आले, दादाच्या कपाळावर पंजा ठेवला, कपाळ गरम, हात गार.

"ताप हाये का तुला?" तात्यांनी विचारलं.

"न-नाय काका," दादा म्हणाला. "भ्या वाटतंय."

तात्यांना हे उत्तर आवडलं असावं. म्हणाले, वाटायलाच पायजे, आणि मागं सरले. मी बटण खाली आणलं.

पण मग वाट बघणं सुरू झालं. लॉनला दोन कूलर होते आणि दोन्ही मान्यवरांच्या सोफ्यांकडं तोंड करून. सोफे रिकामे होते, मान्यवर यायचे होते, तरी कूलर त्यांच्याकडंच. वळवा म्हटलं तर एकानं सांगितलं, नाय मॅडम, साहेब येतीलच. दादा बसू शकत नव्हता, शेरवानी काढू शकत नव्हता. मी पाच मिनिटं बंद, दहा मिनिटं चालू असं करत राहिले. वर व्हिडिओवाल्याचा एवढा मोठा दिवा. तो दिवा माझ्या मॉडेलमध्ये नव्हता. फोनवर आकडे दिसत होते तेवढाच आधार, तर अडीच वाजता फोनच्या स्क्रीनवर आलं की फोन फार तापलाय, गार झाल्यावर चालू होईल. आणि तो विझला. पाच मिनिटांनी बॅटरी संपली. त्याच क्षणी गुरुजींनी माईक हातात घेऊन सांगितलं की नवरदेवाला पाटावर आणा.

मी मामांना एका वाक्यात सगळं सांगितलं. मामांनी पाना मागवला, स्वतः खाली बसले, कमानीबाहेर लावलेल्या फटफटीची बॅटरी काढून माझ्या पिशवीत ठेवली. "आता मला ढकलत जावं लागंल वैजापूरला," म्हणाले, "पण पोरगा उभा राहिला पायजे."

फटफटीच्या बॅटरीला माझा जोड बसेना. मी तो कापला. दोन वायरी हातात आल्या. दोन्ही लाल, दोन्ही जरीच्या, दोन्हींना मोती. पट्टी सोडवायला वेळ नव्हता, अंतरपाट धरला होता. मी अंदाजानं लावल्या.

सगळे उभे राहिले. अंतरपाटाच्या पलीकडं अश्विनी, मला फक्त तिच्या हिरव्या शालूची किनार दिसत होती. अलीकडं दादा. दादाच्या मागं मामा. मामांच्या शेजारी मी, एका हातात करवलीचा दिवा, दुसऱ्यात पिशवी. तात्या चार हातांवर, नजर दादाच्या गुडघ्यांवर.

पहिलं मंगलाष्टक गुरुजींनी म्हटलं. दुसरं नवरीच्या मावशीनं. मग माईकपाशी रांग लागली, कारण इथं प्रत्येक जावयाचं, प्रत्येक वहिनीचं स्वतःचं मंगलाष्टक असतं, आणि ते म्हटलं नाही तर रुसवा. चौथ्याला मी मामांकडं बघितलं. मामांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं सुख, जणू नदीत पाय सोडून बसलेत. पुटपुटले, "पोरी, काय झाक यंत्र हाये गं. आता कुठं बरूबर झालं."

मी हात पंख्यापुढं धरला. गार वारा.

गरम बाजूनं गार वारा म्हणजे गार बाजूला काय चाललंय? मी दादाची मान बघितली. विटेसारखी लाल. दादा न वळता म्हणाला, "गार्गी, मला भाजतंय." आणि त्याचा डावा गुडघा जरासा वाकला. तात्यांनी मान पुढं काढली.

मी मामांना म्हटलं, दिवा धरा, वायरी उलट्या करायच्यात.

"थांब की जरा," मामा डोळे न उघडता म्हणाले. "आत्ताच तं गार वाटायलंय."

"मामा, ते तुमचं नाही. ते दादाचं आहे."

मामांनी डोळे उघडले. समोर भाच्याची मान होती. त्यांनी दिवा माझ्या हातून घेतला आणि खूप हळू म्हणाले, "फिरव."

पिशवीत ठिणगी उडाली, पैठणीला काही झालं नाही. पंख्यातून गरम हवा सुटली, सरळ मामांच्या पोटावर. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला, मग छातीला. घाम इथं दिसत नाही म्हणाले होते ना मी? मामांचा दिसला. आणखी चार मंगलाष्टकं झाली. एका वहिनींनी मधेच चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मामा एक बोटभर हलले नाहीत. मी कुजबुजले, मामा, थोडं बाजूला सरका. ते म्हणाले, "भाच्याची गर्मी मामानं नाय घ्यायची तर काय परिसरानं घ्यायची का?"

दादाची मान हळूहळू विटेवरून गाजरावर आली. गुडघा सरळ झाला. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, आणि दादा उभा होता. मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी दोन तासांत पहिल्यांदा श्वास सोडला.

तेवढ्यात अश्विनीनं हार घालायला दोन्ही हात वर केले, हार तिथंच राहिला, आणि ती खाली बसली. पडली नाही. दादानं कोपर धरलं होतं. पण बसली, सगळ्यांसमोर, पाटावर, शालूसकट.

आता सांगते. माझ्या मॉडेलमध्ये दादाचे चार हजार तुकडे होते, घोडी होती, मांडवाचं कापड होतं. आणि समोर नवरी म्हणून मी एक भिंत घातली होती, सदतीस डिग्रीची. सपाट. गणित सोपं जातं.

बँडवाले थांबले. पाचशे माणसं तात्यांकडं बघायला लागली. मामा पोटावरचा शर्ट सोडवत पुढं झाले आणि अगदी अदबीनं विचारलं, "तात्या, आता काय करायचं? थांबवायचं का लग्न?"

तात्यांनी अश्विनीकडं बघितलं, दादाकडं बघितलं, वर त्या व्हिडिओच्या दिव्याकडं बघितलं. म्हणाले, "गर्मीच लई हाये."

दादानं शेरवानीची बटणं काढायला सुरुवात केली होती. बंडी काढली, नळ्या-बिळ्यांसकट, आणि अश्विनीच्या खांद्यावर घातली. वायर ओढली गेली म्हणून मीही फरफटत तिकडं. तात्या पुतणीच्या मागं गुडघ्यावर बसले, तिची पाठ धरून. बटण चालू होतंच. गरम हवा तात्यांच्या छातीवर. ते दचकले, मागं सरायला लागले.

"तात्या," मामा म्हणाले, "हलायचं नाय."

तात्या हलले नाहीत. कुणीतरी साहेबांचा कूलर वळवला, साहेब अजूनही आलेले नव्हते. पाणी आलं. अश्विनी तीन ग्लास प्यायली, तिनं हार घातला, बसूनच, दादाही तिच्यासमोर बसला. मग तिनं खांद्यावरच्या नळ्या चाचपल्या आणि मला विचारलं, "हे यंत्र करताना मी कुठं होते त्यात?"

मी खरं सांगितलं. भिंत.

"वाटलंच," अश्विनी म्हणाली. "सकाळपासून मला पाणीबी कुणी विचारलं नाय."

### परत

दुसऱ्या दिवशी निघताना आत्यानं मला येसरची पुडी दिली आणि वायरीसाठी जरीचं आणखी एक रीळ, राहू दे म्हणाली, पुढच्या लग्नाला लागंल. मामा वैजापूरला एसटीनं गेले होते. फटफटी अजून लॉनच्या कमानीपाशीच होती.

पुण्यात आल्यावर मी मॉडेल नव्यानं केलं. आता अश्विनीचेही चार हजार तुकडे आहेत. कॉम्प्युटर आधी दहा मिनिटांत उत्तर द्यायचा, आता सकाळी सुरू केला की संध्याकाळ होते. मुहूर्ताच्या जागी मी 'बारा पस्तीस' खोडून 'तीन, अंदाजे' घातलंय. आणि शेवटच्या चौकोनातलं 'परिसर' काढून तिथं 'मामा' लिहिलंय.

आमच्या गाइड मॅडमनी कागद तपासला. त्या चौकोनाभोवती लाल पेनानं गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'याची उष्णता घेण्याची क्षमता किती? आकडा द्या.'

मी खाली लिहिलं, 'संपेपर्यंत मोजता आली नाही. आधी लग्न संपलं.'